वरची दोन बोटं

"सुती दाखव, अंकित. टेरीकॉट नको. दिवसभर उन्हात बसायचं ऱ्हातंय," गादीच्या कडेला टेकत बेबीनंदाबाई म्हणाल्या. "नऊ झंपर पायजेत. आन नऊबी एकाच थानातले दे. न्हाई तर एकीचं पांढरं आन दुसरीचं पिवळं दिसतं."

अंकितने पांढऱ्या सुतीचं थान खाली ओढलं आणि गादीवर उलगडलं. दरवर्षी चौदा ऑक्टोबरच्या धम्मचक्र दिनाच्या आधी वाटूरच्या विहारातल्या बायकांचं कापड न्यायला बेबीनंदाबाईच यायच्या. गेली अठरा वर्षं याच दुकानात यायच्या, कारण मुलाच्या, सूरजच्या, दोस्ताचं दुकान होतं. जुन्या जालन्यात कापडाची दुकानं काय कमी आहेत? पण त्या बसमधून उतरल्या की नाकासमोर चालत इथेच येत.

"काकू, चहा सांगू?"

"नगं. ते जाऊदे, तो आख्खा व्हिडिओ सापडला का रे?"

अंकितच्या हातातला लोखंडी गज कापडावर नुसताच पडून राहिला.

"न्हाई काकू. डिलीट झाला तो."

"परवा बेस्तरवारी शाळेच्या संस्थेत बोलावलंय सूरजला. तो म्हन्ला, अंकितला नको ईचारू. पन म्या म्हन्लं, ईचारायला काय जातंय? आपलंच लेकरू हाय."

हे 'आपलंच लेकरू' अंकितच्या छातीत जाऊन बसलं. त्याने मान खाली घातली आणि कापायला घेतलं.

या दुकानाची एक रीत होती. ऐंशी सेंटिमीटर मागितलं की ऐंशीच्या पुढे दोन बोटं टेकवायची आणि मग कात्री लावायची. सुती कापड धुतलं की आटतं, मग गिऱ्हाईक घरी बसून दुकानदाराच्या नावाने खडे फोडतं, असा अंकितच्या वडिलांचा, नवलकिशोर शेठचा, साधा हिशोब. कलेक्टरची बायको असो की मोंढ्यातली हमालीण, दोन बोटं सगळ्यांना. अंकितला लहानपणी पाढ्यांच्या आधी हे शिकवलं होतं.

त्या दिवशी त्याने चार बोटं टेकवली. नऊच्या नऊ तुकड्यांना.

पलीकडे बसलेल्या नवलकिशोर शेठांनी चष्म्यावरून पाहिलं. बेबीनंदाबाई पिशवी घेऊन गेल्यावर ते म्हणाले, "कापड बेच रहा है के दान कर राह्यला?"

"चुकून झालं, बापूजी."

"नऊ बार चुकलं?"

अंकितने कात्री बाजूला ठेवली. तो थान गुंडाळत बसला.

*

चूक काय झाली होती, ते सांगायला वीस वर्षं मागे जावं लागेल.

अंकित आणि सूरज जालन्याच्या कॉलेजात एका बाकावर आले ते निव्वळ हजेरीपटाच्या कृपेने. एक मारवाड्याचा पोरगा, वडील कापडवाले. दुसरा वाटूरचा, वडील लवकर गेलेले, आई रोजंदारी करून शिकवणारी. दोघांचं काही जुळायचं कारण नव्हतं. पण स्टेशनजवळच्या एका गाड्यावर अंकितला एक एमपीथ्रीची सीडी मिळाली. वर लिहिलं होतं, 'इंग्लिश डान्स'. आत निघाले अमेरिकेतल्या काळ्या पोरांचे गँगस्टा रॅपचे सहा अल्बम, तेही जुने, नव्वद-पंच्याण्णवच्या काळातले. खाली दणदणीत ठेका, वर सायरनसारखा एक बारीक सूर आणि मध्ये एक माणूस जन्मभराचं भांडण एका दमात बोलल्यासारखा बोलत होता. अंकितला त्यातलं काही कळलं नाही. त्याने ती सीडी सूरजला दिली, कारण वर्गात इंग्रजी फक्त त्यालाच येत होतं.

आठ दिवसांनी सूरज दोनशे पानी वही घेऊन आला. डिक्शनरी समोर ठेवून, एकेक ओळ दहा-दहा वेळा ऐकून त्याने गाणी उतरवून काढली होती.

"अंक्या, हे गाणं न्हाई बाबा. हा आपल्या वस्तीचा पंचनामा हाय," तो म्हणाला होता.

"हट! नुसत्या शिव्या हायेत."

बस्स, तिथून जे वाद सुरू झाले ते लग्नं झाली, पोरं झाली, डोक्यावरचे केस कमी झाले तरी थांबले नाहीत. अल्बमांची इंग्रजी नावं जिभेवर अडखळायची, म्हणून दोघांनी आपापली नावं पाडली होती. कव्हरवर गच्चीत उभी पोरं होती तो 'गच्चीवाला'. तुरुंगातून सुटलेल्याने केला तो 'जेलवाला'. आणि सगळ्यात लाडका, 'लाल भिंतीचा'.

पाच वर्षांपूर्वी अंकितच्या पुतणीने, पलकने, थट्टेत म्हटलं, "काका, तुम्ही दोघं भांडता ते रेकॉर्ड करून टाका की." तर यांनी खरंच चॅनल काढलं. नाव ठेवलं 'गुणदोष'. सूरजने गुण सांगायचे, अंकितने दोष काढायचे. रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून दोघे माळ्यावर बसत. चहूबाजूंनी कापडाचे गठ्ठे, त्यामुळे आवाज घुमत नसे. मोठ्या शहरातले लोक यासाठी भिंतींना कसले कसले तक्ते लावतात म्हणे. यांच्याकडे चादरी आणि परकराचं कापड होतं.

ऐकणारे मोजून चारशे. पण त्या चारशेंत कोल्हापूरचा एक फोटोग्राफर होता, परभणीचा एक नर्सिंगवाला होता, आणि ते दर सोमवारी लांबलचक लिहीत. सूरज वाटूरजवळच्या एका संस्थेच्या शाळेत तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायचा. अकरा वर्षं झाली होती, कायम करतो करतो म्हणत संस्थेने अकरा जून काढले होते. वर्गात 'सर' होताच. पण माळ्यावर बसला की त्याचा चेहरा वेगळाच उजळायचा. अंकितला ते दिसायचं. खरं सांगायचं तर थोडं खुपायचंही. दोष काढणारा नेहमी हुशार दिसायला हवा ना? इथे उलटंच व्हायचं. लोक लिहायचे, 'सूरज सरांनी डोळे उघडले.' अंकितबद्दल लिहायचे, 'अंकितभाऊंचा माइक चांगला आहे.'

त्या रविवारी 'लाल भिंतीचा' घेतला होता. इतकी वर्षं राखून ठेवलेला.

सुरुवात झकास झाली. अंकित तयारी करून आला होता. सोळा गाण्यांतली सात निव्वळ भरतीची, मधे मधे दार वाजतं, कुत्रं भुंकतं, कुणी फोन उचलतं, असले तुकडे घालून वेळ काढलाय, असं त्याने मुद्देसूद मांडलं.

"आन बायांबद्दल जे बोलतात ते? ते आईसमोर लावून दाखव," तो म्हणाला.

"हे बराबर. हे बिलकुल मान्य," सूरजने हात वर केले. "सोताच्या आईवर एक गाणं रडून म्हन्तात आन उरलेल्या गाण्यांत दुसऱ्यांच्या आयाबहिणी काढतात. ह्याला माफी न्हाई. पन अंक्या, नववं गाणं आईक. त्या पोराला पोलीस एकाच कोपऱ्यावर तीनदा आडवतात. पैल्यांदा तो नाव सांगतो. दुसऱ्यांदा बापाचं नाव सांगतो. तिसऱ्यांदा गप ऱ्हातो. तेवढ्यात ठेका बंद पडतो, ध्यानात आलं का? चार मात्रा नुसती शांतता. मंग तो बंदूक घेतो. मला सांग, एवढं कमी बोलून कुणी एवढं सांगितलंय?"

अंकितने ते गाणं शंभर वेळा ऐकलं होतं. ती चार मात्रांची शांतता त्याच्या कधी लक्षातच आली नव्हती. आणि लक्षात आली नव्हती याचाच त्याला राग आला. हरणाऱ्या माणसाला येतो तसा, आतून खाजवणारा.

"हे रडगाणं हाय," तो फटकन म्हणाला. "तुमच्या लोकांचं असंच ऱ्हातं. सोताची चूक झाली की आधी अन्याय मोजायला बसायचं."

माळ्यावर पंखा फिरत होता.

"तुमच्या लोकांचं म्हंजे कुणाचं, अंकित?" सूरजने विचारलं. अंक्या म्हणाला नाही.

अंकित हसला. उगाच हसला. "अरे, त्या काळ्या पोरांचं रे..."

"बरं. मंग आईक. पोरानं बंदूक घेतली तर घेतली. मी त्याच्या जागी असतो तर मीबी घेतली असती. आन पैल्यांदा कुणावर धरली असती माहितीये? पोलिसावर न्हाई. जो माझ्या ताटात जेवतो आन मला 'तुमचे लोक' म्हन्तो, त्याच्यावर." सूरजचा आवाज चढला नव्हता. "पन मी न्हाई घेतली. मी मास्तर झालो. आन इतकी वर्षं मी ह्या अल्बमचे गुण सांगून राह्यलो, आज दोष सांगतो, लिहून घे. त्या पोराचा मास्तर होऊ शकतो, हे लिवणाराला सुचलंच न्हाई. हा त्याचा सगळ्यात मोठा दोष."

पाच वर्षांत त्या माळ्यावर याच्याइतकं चांगलं वाक्य कुणी बोललं नव्हतं. अंकितला ते तेव्हाच कळलं, आणि म्हणूनच कान तापले.

नंतर दोघांनी चहा घेतला. कपाची दांडी, बसची वेळ, असलं काहीतरी बोलले. सूरज पाचच्या बसने गेला.

संध्याकाळी अंकित कॉम्प्युटरवर बसला आणि त्याने 'तुमच्या लोकांचं' हे वाक्य कापलं. ते कापलं तर सूरजचा प्रश्न लोंबकळत राहिला, म्हणून तोही कापला. मग 'मला तुमचे लोक म्हन्तो' कापावंच लागलं. ते गेलं की मास्तरचं वाक्य अधांतरी वाटायला लागलं. अंकितला वाटलं, लांबण नको, आणि त्याने तेही उडवलं. गाणं संपून गप्पा पुढे चालू झाल्यासारखं त्याने सफाईने जोडलं. कापायला त्याला लहानपणापासून येत होतं. शेवटी जे उरलं, त्यातला एक मिनिटाचा तुकडा त्याने जाहिरातीसाठी वेगळा टाकला. त्यात वाटूरचे सूरज सर कॅमेऱ्यात बघून म्हणत होते, "पोरानं बंदूक घेतली तर घेतली. मी त्याच्या जागी असतो तर मीबी घेतली असती."

चारशेंच्या चॅनलचा तो तुकडा चार दिवसांत नव्वद हजारांनी पाहिला. तो शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर गेला. खाली कुणीतरी लिहिलं, 'हा माणूस आपल्या लेकरांना शिकवतो.'

सूरजचा फोन आला तेव्हा अंकित जेवत होता.

"आख्खं रेकॉर्डिंग टाक, अंकित. पुढचं-मागचं सगळं. तेवढ्यानं भागंल माझं."

अंकितच्या डोळ्यांपुढे दुकान आलं. गादीवर बसलेले बापूजी आले, वाटूरच्या, वडीगोद्रीच्या, शहरातल्या वस्त्यांतल्या बायका आल्या. कानात स्वतःचाच आवाज आला, 'तुमच्या लोकांचं'.

"डिलीट झालं रे," तो म्हणाला. "मेमरी फुल झाल्ती."



"बरं," सूरज म्हणाला आणि फोन ठेवला.

*

गुरुवारी सकाळी अंकितने खिशात पेनड्राइव्ह घातला. बापूजींना सांगितलं, वसुलीला जातो. मोटारसायकल वाटूरच्या रस्त्याला लागली तेव्हा त्याचं पक्कं ठरलं होतं. सरळ आत जायचं, म्हणायचं, हे ऐका, माझी चूक. त्यात काय एवढं? तोंड उघडायला किती वेळ लागतो?

वाटूरपासून आठ-दहा किलोमीटरवर संस्थेची शाळा. ऑफिसची खिडकी व्हरांड्यात उघडत होती. अंकित व्हरांड्यात पोचला आणि आतला आवाज कानावर आला. संस्थेचे सचिव रामराव विचारत होते. माणूस वाईट नसावा, आवाजात उलट काकुळतीच होती.

"सर, तुम्ही अकरा वर्षं झाली, एक तक्रार न्हाई तुमची. समोरच्यानं असं काय ईचारलं, की तुम्ही असं बोल्लात? ते तरी सांगा. मला कमिटीपुढं काहीतरी ठेवायला पायजे."

सूरजने एक वाक्य सांगायचं होतं. फक्त एक. अंकितने भिंतीला हात लावला.

"ध्यानात न्हाई, सर," सूरज म्हणाला.

"आठवा की जरा."

"न्हाई आठवत. पुढं मी काहीतरी बोल्लोतो, पन ते आता रेकॉर्डात न्हाई."

दार चार पावलांवर होतं. अंकितने पहिलं पाऊल उचललं असतं तर पुढची तीन आपोआप पडली असती. पण ते पहिलं पडलंच नाही. तो भिंतीवरचा सुविचाराचा फळा वाचत उभा राहिला. फळ्यावरचं अक्षर सूरजचं होतं.

कागद सरकवल्याचा आवाज आला. मग खुर्चीचा. सूरज बाहेर आला, हातात डबा आणि खडूने पांढरं झालेलं एक डस्टर. अंकितला बघून तो थबकला नाही, जणू तो तिथे असणारच हे धरून चालला होता.

"झालं. आजपासून तास बंद," तो म्हणाला. "डस्टर माझं सोताचं हाय. म्हन्लं घिऊन जावं."

अंकितने पेनड्राइव्ह पुढे केला. "सूरज, हाय माझ्याकडं. आख्खं हाय. डिलीट न्हाई केल्तं. चल, आत जाऊ, मी ऐकवतो त्यांना."

"मला ठावं होतं."

"काय?"

"तू काही टाकून देत न्हाईस, अंकित. तुझ्या माळ्यावर धा धा वर्षांच्या चिंध्या बांधून ठेवेल हायेत. तू काय डिलीट करशील?"

"मंग सांगितलं का न्हाई आत? मी काय बोल्लो ते?"

सूरजने डस्टर डब्याच्या झाकणावर ठेवलं. "माय तुझ्याकडून नऊ जणींचं कापड घिऊन आलीय. घरोघर वाटलं तिनं. अंकितनं दिलं, अंकितनं दिलं करत. तिला काय सांगू? म्हन्लं, चौदा तारीख होऊन जाऊदे. तिला आनंदानं घालूदे."

"मला माफ कर."

"आत बोल्ला असता तर केलं असतं," सूरज म्हणाला. तो रागात बोलला नव्हता, हेच वाईट होतं. "आता कुणाला बोलून राह्यला तू? इथं दोघंच तर हाओत."

तो फाटकातून बाहेर पडला आणि बसच्या थांब्याकडे चालू लागला. मोटारसायकल उभी होती. अंकितने सोडतो म्हटलं नाही. म्हणायची हिंमत झाली नाही.

त्याच रात्री त्याने सगळं रेकॉर्डिंग चॅनलवर टाकलं. दोन तास अकरा मिनिटं, एक श्वासही न कापता. खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, की मागचा तुकडा मी कापला होता, माझं वाक्य लपवण्यासाठी. एक प्रत त्याने रामरावांना पाठवली. रामरावांचं दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, की ठराव झाला आहे, नवीन उमेदवारही घेतला आहे, फार उशीर केलात.

नव्वद हजारांतले सहाशे लोक परत आले. कोल्हापूरच्या फोटोग्राफरने पहिल्यांदाच काही लिहिलं नाही.

*

पंधरा तारखेला, सकाळचं उन्ह गादीवर यायच्या वेळी, बेबीनंदाबाई दुकानात आल्या. अंगावर नवा पांढरा झंपर, बाह्या कोपरापर्यंत, शिलाई नीटस. अंकित उठून उभा राहिला. त्यांनी व्हिडिओ ऐकला होता की नाही, हे विचारायची गरजच पडली नाही. त्या आज गादीवर टेकल्या नाहीत.

"या काकू," तो म्हणाला. "सूरज..."

"रूपालीकडं गेलाय. बहिणीच्या गावात शिकवणी सुरू करायचं म्हन्तो." त्या नवलकिशोर शेठांकडे वळल्या. "शेठ, तुमच्या दुकानात दोन बोटं जास्त देत्यात न?"

"हाँ बाई. पहिलेपासून. सबको देतो," शेठ म्हणाले.

"सगळ्याला?"

"सगळ्याला. बराबर."

"म्हून तेवढी ठेवली म्या. ती रीतीची हायेत." त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली आणि गादीवर सोडली. आत पांढऱ्या सुतीच्या नऊ पट्ट्या होत्या, एकीवर एक, सरळ रेषेत कापलेल्या. "ही वरची. शिंप्याकडं बसून काढून घेतली. अशी कुणाला देत नसतात, मंग आमालाच का?"

शेवटचं वाक्य त्या अंकितकडे बघून बोलल्या. आवाजात भांडण नव्हतं. त्यांना खरंच विचारायचं होतं.

अंकितला बोलायचं होतं. काकू, मला लाज वाटत होती, म्हणून दिली. तुमच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून दिली. पण पुन्हा तेच झालं, तोंड उघडेपर्यंत बेबीनंदाबाई पायरी उतरून चपला घालत होत्या. गल्लीतल्या रिक्षा आणि हातगाड्यांमधून त्यांचा पांढरा झंपर वळणापर्यंत दिसला.

"इतनी बारीक चिंदी? काय कामाची?" नवलकिशोर शेठांनी पुडी उचलली. "फेक दे."

"राहू द्या, बापूजी."

त्याने एक पट्टी गादीवर पसरली, हाताने सुरकुती काढली आणि तिच्यावर आपली दोन बोटं ठेवली. पट्टी बोटांच्या बाहेर कुठेच आली नाही.